छतावरचे ऊन, छताखालची रात्र

मार्च संपत आला की जिल्हा प्रशासनाचे उष्मालाटेचे पत्रक निघते. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, ताक-लिंबूपाणी घ्या, सैल सुती कपडे घाला. रुग्णालयांत उष्माघात कक्ष तयार होतात, शाळा सकाळच्या होतात. या सूचना योग्यच आहेत. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घर म्हणजे सावली आणि सावलीत माणूस सुरक्षित. चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी, सोलापूर या पट्ट्यात जे पत्र्याखाली किंवा शेवटच्या मजल्यावर उघड्या स्लॅबखाली राहतात, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक खरे ठरत नाही. त्यांना ऊन रस्त्यावर लागत नाही तेव्हाही घरात लागत असते.

हवामान विभाग आता उष्मालाटेबरोबर ‘उष्ण रात्री’चाही इशारा देतो. दिवसाचे तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक आणि रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर, अशी ही व्याख्या आहे. रात्रीकडे वेगळे लक्ष देण्याचे कारण वैद्यकीय आहे. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळावा लागतो. झोप लागताना शरीराचे तापमान थोडे उतरते. खोली गार झाली नाही तर ते उतरत नाही, झोप तुटते, घाम सुरूच राहतो, हृदयाला विसावा मिळत नाही. एक रात्र निभावते. ओळीने चार-पाच रात्री गेल्या की वृद्ध, तान्ही बाळे, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले, लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण यांची प्रकृती ढासळू लागते. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातूनच २०१३ मध्ये तेथे उष्मा कृती आराखडा आला.

म्हणून छताच्या इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णतारोधनाचा, विषय केवळ विजेच्या बिलाचा किंवा सुखसोयीचा नाही. तो आरोग्याचा आहे.

स्लॅब आणि पत्रा: दोन वेगळी दुखणी

बाजारात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणते मटेरियल चांगले?’ असा. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: आपले छत नेमके कधी आणि कसे त्रास देते?

सिमेंटचा स्लॅब जाड आणि जड असतो. सकाळपासून तो ऊन पीत राहतो, पण ती उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला काही तास लागतात. त्यामुळे दुपारी एकला खोली सुसह्य असते आणि रात्री नऊला छत हाताला कोमट लागते. बाहेर वारा सुटलेला असतो, गच्चीवर गार वाटते आणि आत मात्र भट्टी. पत्र्याचे उलट आहे. तो पातळ असल्याने ऊन येताच तापतो आणि सूर्य मावळला की थोड्याच वेळात निवतो. पत्र्याखालची रात्र बरी, दुपार जीवघेणी. दुपारी घरी कोण असते? म्हातारी माणसे, बाळंतिणी, लहान मुले, घरात बसून विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई करणाऱ्या बायका.

तापलेले छत हवा तापवतेच, शिवाय चुलीसमोर बसल्यावर जशी धग लागते तशी धग अंगावर टाकत राहते. या धगीवर पंख्याचा इलाज चालत नाही. उलट घरातली हवाच ४० अंशांच्या पुढे गेली तर पंखा गरम हवा अंगावर फेकून शरीर तापवू शकतो. ‘पंखा लावून बसा’ हा सल्ला पत्र्याखाली भर दुपारी अपुरा पडतो तो यामुळे.

एका इंचाचा हिशेब

छतातून किती उष्णता आत येते हे मोजायचे एक साधे माप आहे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते, ते हे माप सांगते. अभियंते त्याला यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका कमी, तितके छत चांगले. सहा इंची उघड्या स्लॅबचे यू-मूल्य साधारण ३.३ येते. शंभर चौरस फुटांची खोली धरली आणि उन्हाने तापलेले छत व खोली यांत २० अंशांचा फरक धरला, तर सुमारे ६०० वॉट उष्णता आत उतरते. म्हणजे डोक्यावर ६०० वॉटचा हीटर टांगून आपण खाली बसतो.

आता या स्लॅबवर एक इंच जाडीचा चांगला फोमबोर्ड घातला, तर यू-मूल्य ०.९ च्या आसपास येते आणि ६०० वॉटचे १६० होतात. दुसरा इंच वाढवला तर ०.५, म्हणजे साधारण ९५ वॉट. पहिल्या इंचाने जवळपास तीन चतुर्थांश उष्णता अडते. दुसऱ्या इंचाचा फायदा त्या मानाने बराच कमी. जिथे वातानुकूलन दिवसभर चालते तिथे दुसरा इंच परवडेल. एरवी पैसे मोजके असतील तर एक इंच सगळ्या छतावर, हा दोन इंच अर्ध्या छतावर घालण्यापेक्षा शहाणा निर्णय.

याच हिशेबाने कोब्याबद्दलचा एक गैरसमजही दूर होतो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा असला की छत थंड राहते, असे पुष्कळदा सांगितले जाते. कोबा पाणी अडवायला आणि उतार द्यायला उपयोगी आहे. पण चार इंच कोब्याचा उष्णतेला होणारा विरोध अर्धा सेंटीमीटर फोमबोर्डापेक्षाही कमी भरतो आणि स्लॅबवर वजन मात्र भरपूर चढते.

माळवद का गेले?

छताला जाड अंगरखा घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठवाडा, सोलापूर, खानदेशातली माळवदाची किंवा धाब्याची घरे म्हणजे तेच. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर वीतभर किंवा त्याहून जाड मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीतच जिरायचे. कोकणातल्या कौलारू घरात दुसरी युक्ती होती: कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची आणि मधला माळा ऊन व माणूस यांच्यात आड यायचा. माळ्यावर भात, गवत, लाकडे असायची, तीही उष्णता अडवायची.

पण या आठवणीत एक तारीख विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसे दगडी भिंती आणि मातीच्या छतांखाली गाडली गेली. फूटभर मातीचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर ते साडेचार टनांच्या पुढे जाते, पावसाने भिजले तर आणखी. त्यानंतर लोकांचा जड छतावरचा विश्वास उडाला, तो उगाच नाही. पत्रा आणि स्लॅब आले, जीव वाचवण्याची एक सोय झाली, पण उन्हाचे संरक्षण गेले आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. एक-दोन इंची फोमबोर्डाचे वजन दर चौरस मीटरला एक-दोन किलो असते. जुन्या माळवदाचे काम त्याचे वजन न वाढवता करता येते, हाच आजच्या उष्णतारोधकांचा खरा अर्थ आहे.

आधी ऊन अडवा, मग उष्णता

निवड करताना क्रम महत्त्वाचा. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ऊन छतात शिरूच न देणे. काळपट सिमेंट बहुतेक ऊन शोषून घेते. नुकतेच पांढरे केलेले छत ऊन मोठ्या प्रमाणात परत फेकते. चिकटद्रव्य मिसळलेल्या चुन्याचे दोन हात, परावर्तक पांढरा रंग किंवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, यांतले काहीही चालते. फरक टिकाऊपणाचा आहे. चुना पावसात धुपतो, धुळीने मळतो. तो दरवर्षी होळी-पाडव्याच्या सुमारास पुन्हा द्यावा लागतो. मोझॅक वर्षानुवर्षे टिकतो, फक्त झाडून-धुऊन ठेवावा लागतो.

दुसरा उपाय सावलीचा. गच्चीवर उंच शेड, मांडव, वेलींचा आडोसा, सौरपॅनेलांची रांग, हे सगळे स्लॅबला सावली देतात. अट एकच: बाजू मोकळ्या हव्यात, म्हणजे मधून वारा खेळेल. बाजू बंद करून खोली केली तर सावलीचा फायदा जातो. शेडसाठी पालिकेची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

हे झाल्यावर उष्णतारोधकाची पाळी. स्लॅबच्या वर घालायचे की खाली, हा इथला कळीचा मुद्दा आहे. वर घातले तर स्लॅबच गार राहतो, तो रोज तापून फुगत नाही, तडे आणि गळतीही कमी होतात. वरच्या कामाला पाणी न पिणारा फोमबोर्ड लागतो. बाजारात तो एक्सपीएस नावाने मिळतो. तो जलरोधनावर बसवून त्यावर उताराचा कोबा आणि पांढरा मोझॅक करतात. फवारून घालायचा पफ फोमही चालतो, पण तो उन्हात उघडा ठेवला तर खराब होतो, म्हणून त्यावर आच्छादन हवेच.

वसाहतीतल्या फ्लॅटधारकाची अडचण वेगळी. गच्ची सोसायटीची, उन्हाची झळ शेवटच्या मजल्याला आणि खर्चाला मंजुरी सगळ्यांची. तरीही गच्चीच्या जलरोधनाचे काम निघते, तेव्हाच त्यात उष्णतारोधन धरायचा ठराव मांडावा. तोडफोड आणि मजुरी एकदाच होते. ते जमले नाही तर खालून छत करून वर ग्लासवूल किंवा रॉकवूल घालता येते. नुसत्या पीओपी किंवा जिप्समच्या छताने मात्र थोडाच फरक पडतो. काम करते ते वरचे रोधक.

पत्र्याच्या घरात बाहेरून पांढरा रंग आणि आतून पत्र्यापासून काही इंच अंतर सोडून दुसरे छत, ही जोडी उपयोगी पडते. मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीची भोके ठेवली की गरम हवा निघून जाते. चकचकीत फॉइल लावायचे तर तिच्या चकचकीत बाजूला इंचभर तरी हवेची जागा हवी आणि ती बाजू शक्यतो खाली असावी, म्हणजे धूळ बसत नाही. चकचकीत बाजूला हवेची जागाच नसेल तर फॉइल धग अडवत नाही. कोकणात पावसाळ्यात पत्र्याच्या आतल्या अंगाला पाणी सुटते. तिथे भिजणारा लोकरीसारखा थर लावला तर तो कुजतो आणि निकामी होतो.

आणि एक पथ्य सगळ्यांना सारखेच. उष्णतारोधक जसा उष्णता आत येऊ देत नाही, तसा बाहेरही जाऊ देत नाही. दिवसा खिडक्या झाकून ठेवाव्यात, रात्री बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या उघडाव्यात. स्वयंपाकाची वाफ आणि माणसांची ऊब बाहेर पडायला वाट नसेल तर महागातले छतही कामी येत नाही.

स्वस्तात पडलेले छत महागात

घर गार करण्याच्या नादात काही धोके घरात येतात. त्यांतला सर्वात सर्रास दिसणारा म्हणजे पत्र्याखाली उघडा चिकटवलेला थर्माकोल. तो आगीत वितळतो, जळते थेंब खाली पडतात आणि काळा विषारी धूर होतो. एका खोलीत गॅस, देवाचा दिवा आणि वायरींचे जाळे असेल तर हा धोका पत्करण्याजोगा नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. इमारतीच्या नूतनीकरणात बाहेरून बसवलेली ज्वलनशील आवरणे आणि त्यामागचा फोम यांनी ती आग पसरवली. फोम वापरायचाच तर ज्वालारोधक प्रतीचा घ्यावा आणि तो सिमेंट, प्लास्टर किंवा जिप्समच्या आड झाकलेला असावा. ग्लासवूल आणि रॉकवूल स्वतः पेट घेत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू. त्यांचे तंतू अंगाला खाजतात, बसवताना मास्क-हातमोजे लागतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने छताला वापरल्या जाणाऱ्या या लोकरींना कर्करोगकारकांत धरलेले नाही.

ॲस्बेस्टॉसची गोष्ट निराळी आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ते असते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत आणि साठांहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे अशी सरसकट बंदी नाही. असे पत्रे सलग आणि शाबूत असतील तर त्यांना रंग देऊन ठेवावे, पण ड्रिल करू नये, तोडू नये, कोरडे घासू नये. धोका त्यातून उडणाऱ्या धुळीचा आहे.

तिसरा धडा ऑस्ट्रेलियाचा. आर्थिक मंदीत रोजगार द्यावा म्हणून तेथील सरकारने २००९ मध्ये घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक घालण्याची अनुदान योजना काढली. दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले. पण घाईत अप्रशिक्षित मुले माळ्यावर चढवली गेली. चार तरुण कामगार दगावले: तिघे विजेच्या धक्क्याने, एक माळ्यावरच्या उष्णतेने. फॉइल ठोकताना धातूच्या पिना वायरींत घुसल्या होत्या. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली आणि पुढे चौकशी आयोग बसला. आपल्याकडे कोणी छताचे काम काढले तर मेन स्विच बंद करणे, वायरी आधी तपासून घेणे आणि पत्र्याखालचे काम सकाळी उरकणे, या तीन गोष्टी करारातच असाव्यात.

नियम कोणाच्या छतासाठी?

चांगल्या छताने तब्येत सुधारते का, याचा भक्कम पुरावा थंड देशांतून येतो. न्यूझीलंडमध्ये १,३५० घरांवर झालेला आणि २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या घरांना उष्णतारोधन केले, तेथे धाप-खोकल्याच्या तक्रारी घटल्या आणि मुलांची शाळा कमी बुडाली. पुढे त्या देशाने १ जुलै २०१९ पासून भाड्याच्या घरांत छत आणि जमिनीखालचे रोधन सक्तीचे केले. भाडेकरू स्वतःचे छत बदलू शकत नाही, हे तिथल्या कायद्याने ओळखले.

आपल्याकडे केंद्राची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. तीत छताचे यू-मूल्य १.२ च्या आत हवे असे म्हटले आहे. वरच्या हिशेबाप्रमाणे एक इंची बोर्डाने ते साधते. पण संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी प्रकल्पांना लागू होते, तीही राज्याने आपल्या नियमांत आणल्यावर. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘शीत छत धोरण’ आणले, पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छत गार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते सक्तीचे केले. राहत्या घरांत मात्र सक्ती आहे ती ६०० चौरस यार्डांच्या वरच्यांना. लहान घरांना ते ऐच्छिक आहे.

लहान घराला सक्तीतून सूट देणे हे दयेपोटी झालेले असते, पण त्याचा परिणाम उलटा होतो. पाचशे मीटरच्या भूखंडावर राहणाऱ्याकडे वातानुकूलन असते, खोल्या बदलायला जागा असते. ज्याच्याकडे एकच खोली आणि वर एकच पत्रा, तो नियमांच्याही बाहेर आणि अनुदानाच्याही बाहेर राहतो. सक्ती नको असेल तर मदत तरी हवी. सरकारी घरकुलाच्या अंदाजपत्रकात स्लॅब, दरवाजा, शौचालय यांचा खर्च धरला जातो, तसा छत पांढरे करण्याचा आणि इंचभर रोधकाचा धरता येईल. उष्मा कृती आराखड्यात पाणपोयांच्या यादीबरोबर वस्तीतल्या पत्र्याच्या घरांची यादी करता येईल आणि अंगणवाडी व प्राथमिक शाळांच्या छतांपासून सुरुवात करता येईल. चुना आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो लावणारे हातही गावात आहेत. तो पाडव्याच्या आत छतावर चढला पाहिजे. मे महिन्यातल्या पत्रकाने छत गार होत नाही.